बिनवासाचं लोशन

बारावीला मला चांगले मार्क पडले, तेव्हा वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्ती, पेढा तोंडात टाकत म्हणाली, "मार्कांचं झालं. आता त्वांडाचं बघा."

इस्लामपूरपासून सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. थोडा ऊस, दोन म्हशी, आणि आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत. ते वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. त्यामुळं घरचा कारभार आईच्या हातात होता आणि आईचा कारभार आत्तीच्या. आत्तीला गावातच दिलेली. तिचं घर दोन गल्ल्या सोडून, पण दिवसाचा अर्धा वेळ ती आमच्याकडंच असायची.

माझ्या तोंडाची गोष्ट चौदाव्या वर्षी सुरू झाली. सकाळी धुतलं की तासाभरात कपाळ, नाक, हनुवटी चमकायला लागायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिच्या कपाळावर पापड तळून निघेल. मीही त्यांच्यासोबत हसायचे, आणि हसले की गालावरचे फोड ताणून दुखायचे. कातडी तेलकट, पण दणकट म्हणावी तर तीही नाही. हळद लावली की लाल व्हायची, लिंबू लावलं की आग आग. डाळीच्या पिठानं घासलं की मांजरानं ओरबाडल्यासारखी दिसायची. तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण उपाय सांगून जायचा आणि आत्ती ते सगळे माझ्यावर करून बघायची. मुलतानी माती झाली, जायफळ उगाळून झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला. एकदा तर कुणीतरी सांगितलं म्हणून दात घासायची पेस्ट फोडांवर लावून मला दुपारभर बसवलं होतं.

मी आपली दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धुवायचे. थंडीत मग वेगळाच प्रकार व्हायचा. नाक चमकायचं आणि त्याच्या शेजारीच गालावर कोंड्यासारखी सालपटं निघायची. बोललं तरी कातडी ओढल्यासारखी व्हायची. एकदा मी म्हटलं, मला काहीतरी क्रीम पाहिजे. आत्तीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तेलकट त्वांडाला आनि क्रीम? म्हशीच्या अंगाला लोनी लावाय लागशील की गं उद्या."

आई हसली. मला तिचं हसणं आत्तीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढं मी बी.एस्सी.साठी सांगलीला आले, मुलींच्या वसतिगृहात राहायला लागले. पहिल्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आत्तीनं इस्लामपुरातल्या एका औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. बोटाएवढी, ॲल्युमिनियमची. "लय पोरी नेत्यात म्हनं. आठ दिसांत त्वांड उजाळतंय."

आणि खोटं कशाला बोलू, उजाळलं. आठ नाही, पंधरा दिवसांत फोड बसले, लाली गेली, रंगसुद्धा दोन छटा उजळला. वसतिगृहातल्या मुली विचारायला लागल्या, काय लावतेस गं. आयुष्यात पहिल्यांदा मी आरशासमोर गरज नसताना उभी राहिले. ट्यूब संपली की आत्ती दुसरी पाठवायची. असे नऊ-दहा महिने गेले. मग एकदा परीक्षेच्या धांदलीत ट्यूब संपली आणि दहा-बारा दिवस दुसरी मिळाली नाही. चौथ्या दिवशी गाल तापायला लागले. आठव्या दिवशी पूर्वी कधी नव्हते एवढे फोड आले, तेही पिकलेले. उन्हात पाच मिनिटं उभी राहिले तर तव्यावर गाल टेकवल्यासारखं वाटायचं. शेवटचा पेपर मी ओढणी तोंडावरून घेऊन दिला. कॉपी करतेय की काय म्हणून सरांनी ती दोनदा बाजूला करायला लावली.

पेपर संपल्यावर मी घरी न सांगता मिरजेला गेले. सांगलीहून बसनं अर्धा तास. मिरज दवाखान्यांचं गाव. तिथं कातडीच्या डॉक्टर बाई आहेत असं ऐकलं होतं. बाई साठीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं तुटक. त्यांनी माझं तोंड खिडकीकडं वळवलं, भिंग लावून बघितलं आणि हात पुढं केला.

"ट्यूब आणलीस?"

मी रिकामी ट्यूब दिली. त्यांनी नाव वाचलं आणि टेबलावर आपटली.

"कुणी दिली ही?"

"आत्तीनं."

"आत्ती डॉक्टर आहे?"

"नाही. मेडिकलवाल्यानं तिला सांगितलं."

"तो डॉक्टर आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"यात स्टिरॉइड आहे. इसब झालं, खाज उठली तर थोडे दिवस लावायचं, तेही विचारून. तू गोरं व्हायला रोज लावलंस. आता तुझी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय." मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "रडू नकोस, मीठ झोंबेल." ते खरंच होतं. गालावरून पाणी ओघळलं तशी आग झाली आणि मी रडायची थांबले.

मग मात्र त्या सावकाश बोलल्या. ट्यूब पुन्हा हातात धरायची नाही. अजून काही महिने तोंड बिघडेल, सहन करायचं, घाबरून परत तिकडं जायचं नाही. फोडांसाठी त्यांनी वेगळं औषध दिलं. साबण बंद. आणि एक मॉइश्चरायझर शोधायचं.

"पण बाई, माझं तोंड तेलकट आहे," मी म्हटलं.

"तेल वेगळं, ओलावा वेगळा. साबणानं दोन्ही जातात. तेल तासाभरात परत येतं, ओलावा येत नाही. म्हणून वरून चमकतं आणि आतून ओढतं. कळलं?"

इतकी वर्षं जे कुणालाच सांगता येत नव्हतं, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं. मी विचारलं, कुठलं घेऊ? त्यांनी नाव लिहून द्यायला नकार दिला. "नाव लिहिलं तर उद्या ते मिळालं नाही म्हणून दुकानदार भलतंच देईल. काय बघायचं ते शिक. पातळ हवं, बोटावरून ओघळेल असं. वास नको. आणि बाटलीवर गोरेपणाचं काही लिहिलं असेल तर खाली ठेव. आणलंस की आधी कानामागं लाव. तीन दिवस थांब. मग तोंडाला."

एवढी साधी गोष्ट. पण त्या काळात सांगलीच्या बाजारात तेलकट तोंडासाठी बिनवासाचं पातळ मॉइश्चरायझर मागणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर मागण्यासारखं होतं. पहिल्या दुकानदारानं काचेच्या कपाटातून आधी गोरेपणाच्या क्रीम काढल्या. मी नको म्हटल्यावर थंडीतलं क्रीम काढलं, डब्यातल्या डालड्यासारखं घट्ट.

"हे नको. तेलकट त्वचेला चालेल असं पाहिजे."

"ताई, तेलकट स्किनला क्रीम लागतच नाही."

"मला लागतं."

"मग पावडर घ्या."

मी काउंटरवरच्या बाटल्या एकेक उचलून वास घ्यायला लागले. गुलाब, चंदन, काकडी, जाई. ज्यांच्यावर आत काय आहे ते छापलेलं होतं त्या उलट्या करून वाचल्या. एकीवरच्या यादीत दुसऱ्याच नंबरला लिक्विड पॅराफिन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते मी हाताळलेलं होतं, बोटाचा चिकटपणा तास-तास जायचा नाही. मी बाटली परत ठेवली. दुकानदार वैतागला. "तुम्ही वापरणार आहात की परीक्षा देणार आहात?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि बाहेर पडले. दुकानदाराला उलट बोलायची मला सवय नव्हती. पण बाहेर आल्यावर बरं वाटलं.

पहिली बाटली मी कंटाळून घेतली. ती कानामागं लावल्या लावल्या चावली. दुसरी कानामागं तीन दिवस गुण्यागोविंदानं राहिली, पण कपाळाला लावल्यावर पाचव्या दिवशी मोहरीएवढे दाणे उठले. ती मी खोलीतल्या मैत्रिणीला टाचांसाठी दिली. रोज सकाळी मी तिला कानामागं लाल झालंय का बघायला सांगायचे. ती म्हणायची, तुझ्या कानाची जेवढी काळजी घेतली तेवढी माझ्या सबमिशनची घेतली असती तर पहिली आले असते.

तिसरी बाटली मिरजेतच मिळाली, दवाखान्यांच्या गल्लीतल्या एका मेडिकलमध्ये, सगळ्यात खालच्या फळीवर. पांढरी बाटली, निळी अक्षरं, कुठल्याही बाईचा फोटो नाही. झाकण काढून नाकाशी धरलं. काहीच नाही. बोटावर घेतलं तर ताकासारखं ओघळलं.

दुकानदार म्हणाला, "हे कोण नेत नाही हो. वासच नाही त्याला."

"म्हणूनच द्या."

तीन दिवस कान शांत राहिला. चौथ्या दिवशी नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं, ओलसर असतानाच हरभऱ्याएवढं लोशन दोन्ही गालांवर टेकवलं, घासलं नाही. दोन मिनिटांत ते आत गेलं. वर चिकट काही नाही, आणि तोंड ओढत नव्हतं. मी तोंड उघडून-मिटून बघितलं, गाल फुगवले. कितीतरी वर्षांनी माझं तोंड मला माझ्या मापाचं वाटलं.

फोड मात्र लगेच गेले नाहीत. बाईंनी सांगितलं होतं तसं तोंड आणखी बिघडलं. आणि नेमक्या त्याच अवस्थेत दिवाळीला घरी गेले, तर आत्तीनं पाहुणे बोलावलेले. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरचा बागायतदार. आबाही सुट्टीवर आले होते.

मला बघून आईनं कपाळाला हात लावला. आत्तीनं कनवटीला खोचलेली ट्यूब काढली.

"पाव्हनं यायला अजून पाच दिस हायत. एवढं लाव. मग सोड हवं तर."

"नाही लावणार."

"आगं, पाच दिसानं काय हुतंय?"

"आत्ती, हिच्यानंच झालंय हे."

"तवा गोरी झालीस ते कशानं गं? त्या वक्ताला ग्वाड लागली व्हय?"

गोड लागली होती, हे खरंच होतं. मी तिच्या हातातून ट्यूब घेतली, परसात गेले, आणि शेवटापर्यंत पिळून चुलीच्या राखेत कालवली. आत्ती मागं येऊन उभी राहिली. "बघ रं, बघ तुझी शिकल्याली ल्येक!" ती आबांना ओरडून म्हणाली.

आबा घरापुढच्या सोप्यात दाढी करत बसले होते. त्यांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं, बाटलीही दाखवली. त्यांनी थेंबभर लोशन हातावर घेतलं, चोळलं.

"वर बर्फातल्या पोस्टवर गालाची सालटी निघायची," ते म्हणाले. "क्रीम लावायची ऑर्डर असायची. पैल्यांदा जवान हसायचे, बायकांवानी त्वांडाला काय लावायचं म्हून. ज्यानं लावलं न्हाई त्याचे गाल फुटले, रगत आलं. डाक्टरनं सांगितलंय न्हवं? मग ऑर्डर ती ऑर्डर."

आत्ती तणतणत गेली. माझ्या तोंडाचा निर्णय कुणाच्या ऑर्डरीनं व्हावा हे मला आवडलं नव्हतं. पण त्या दिवशी आबांची ऑर्डर कामाला आली, हे कबूल केलं पाहिजे.

पाहुणे आले त्या दिवशी मी पावडर लावली नाही. तोंड धुतलं, लोशन लावलं, साडी नेसले आणि पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. सोप्यातल्या उजेडात फोड न् फोड दिसत असणार. मुलाच्या आईनं थेट विचारलं, "मुलीच्या चेहऱ्याला काय झालंय?"

"उन्हानं जरा..." आत्तीनं सुरुवात केली.

"उन्हानं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "गोरं व्हायची ट्यूब लावून बिघडलंय. आता सोडलीय. काही महिन्यांत बरं होईल."

"डाग राहत्यात का?"

"राहतील थोडे."

मुलगा पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला काढत होता. मला आत जायला सांगितलं.

परसात हौदापाशी मी भांडी ठेवत होते. मुलाची धाकटी बहीण हात धुवायला आली. सोळा-सतरा वर्षांची असेल. दुधासारखी गोरी, फक्त गाल गुलाबी, आणि जवळून बघितलं तर त्या गुलाबी रंगात बारीक लाल शिरांचं जाळं. मी ते जाळं आरशात बघितलेलं होतं. तिनं नळ सोडला, सुरूच ठेवला.

"ताई, ती ट्यूब सोडल्यावर किती दिवसांनी कमी होतं?"

मी तिच्याकडं बघितलं. "किती दिवस लावतीयस?"

"दोन वर्षं. एक दिवस लावायची राहिली तरी आग होती. घरात सांगू नका."

मी आतून बाटली आणली, कानामागं कसं लावायचं ते दाखवलं, डॉक्टर बाईंचा पत्ता कागदावर लिहिला. तिनं तो ब्लाउजमध्ये खोचला. बाहेरून तिच्या आईनं हाक मारली तशी ती गेली. मागं वळले तर आई चुलीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका महिनाभर आधीच जुळलेली होती. आत्तीनं आमच्याकडं येणं बंद केलं. आई भाकरी थापताना मध्येच म्हणाली, "त्या पोरीवानी आनि किती असतील, त्यास्नी कोन सांगनार गं?"

आणि बाजाराच्या दिवशी तिनं मला सोबत घेतलं. भाजी घेतली नाही. इस्लामपुरातल्या त्या औषधाच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला आणि पायरी चढली.

"गोरं व्हायची ट्यूब हाय का हो?"

"हाय की." त्यानं ड्रॉवर ओढला. माझ्याकडं नजर टाकून म्हणाला, "हिला व्हय? गरजच हाय."

"डाक्टरची चिठ्ठी लागती न्हवं तिला?"

"सगळेच देत्यात ताई बिनचिठ्ठीची."

"सगळे देत्यात म्हून तुमी देता?"

त्यानं ड्रॉवर ढकलला. शेजारी दोन बायका आणि एक कॉलेजची मुलगी उभ्या होत्या. आईनं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड त्यांच्याकडं फिरवलं. लहानपणापासून माझी हनुवटी धरणारा हात मला सोसायचा नाही. त्या दिवशी मी ती आपणहून वर केली.

"हे बघा," आई म्हणाली. "ह्यांच्या दुकानाची ट्यूब. मीच लावू दिली पोरीला, मला कळलं न्हाई. तुमाला सांगितलं, तुमाला आता कळलंय."

"धंद्याच्या टायमाला तमाशा करू नका," दुकानदार ओरडला.

मग मी बोलले. स्टिरॉइड म्हणजे काय, कातडी पातळ कशी होते, सोडल्यावर काय होतं. वर्गात सेमिनार द्यायला घाबरणारी मी काउंटरला हात टेकून बोलत होते, आणि तो मला थांबवायला बघत होता तसा माझा आवाज चढत होता. दोघी बायका हात आखडून निघून गेल्या. कॉलेजच्या मुलीनं मात्र आमच्या देखत ट्यूब घेतली, माझ्याकडं न बघता पर्समध्ये टाकली. मी तिच्या मागं चार पावलं गेले. ती वळून म्हणाली, "तुमचं बिघडलं म्हणून माझं बिघडेलच असं नाही." मला तिचा राग आला नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

दुकान बंद पडलं नाही. तो माणूस ट्यूब विकतच राहिला, फक्त कागदात गुंडाळून द्यायला लागला, असं ऐकलं. पण आमच्या गावातून त्याच्याकडं पुन्हा कुणी गेलं नाही. आईनं प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं, आत्तीच्या घरी सुद्धा. आत्ती काही माघार घेणारी नव्हती. तिचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, त्या बाटलीत पानी भरून विकत्यात.

माझं तोंड पुढच्या पावसाळ्यापर्यंत निवळलं. डाग राहिले. तेलही राहिलं. ते माझं आहे, ते जाणार नाही, हे एकदा मान्य केल्यावर त्याच्याशी भांडण संपलं.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं, सांगलीतल्याच एका शिक्षकाशी. त्यानं पहिल्या भेटीत माझ्या तोंडाबद्दल काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग उन्हाळ्यात काय करता?" एवढंच.

लग्नात पार्लरवाली बाई डबे उघडून बसली होती. मी तिला फक्त काजळ घालू दिलं. स्टेजवर दिव्यांच्या उष्णतेनं कपाळ चमकायला लागलं, तसा फोटोग्राफर रुमाल पुढं करत म्हणाला, "ताई, पुसा जरा, फोटोत शाईन येतीय."

"येऊ द्या," मी म्हटलं. "काढा तसाच."

त्यानं खांदे उडवले आणि काढला.